ओला थर

एका राज्यात राजकन्येचा प्राण तिच्या तैलचित्राला बांधून ठेवायची रीत होती. चित्राला इजा झाली की देहाला होई. राजकन्या मृणालवतीचे चित्र राजचित्रकार सुवर्माने काढले. तिचा अभिषेक तोंडावर आला होता. खालचा तेलकट थर अजून ओला आहे, हे त्याच्या बोटाला कळले होते. ओल्यावर चढवलेला रंग पुढे तडकतो. तरी त्याने वर पातळ रंग फासला आणि मोकळा झाला.

महिन्याने चित्राला तडे गेले. तसेच तडे मृणालवतीच्या गालांवर उमटले.

राजाने विचारले, "दोष कुणाचा?"

"तेलाचा, महाराज," सुवर्मा म्हणाला. "जवसाचे तेल देणाऱ्या भिवराईने करणी केली."

झाले! म्हातारीला वनात हाकलले. त्या दिवसापासून सुवर्माला घास गोड लागेना.

तडे हातांवर उतरले, गळ्याकडे निघाले. दरबारातली मैना बोलली, "गळ्याशी पोचले की प्राण जाईल. उपाय भिवराईपाशी आहे." आणायला कोण जाणार? जीभ ज्याने उचलली, त्यालाच राजाने धाडले. सुवर्मा लाजेने अर्धा झाला, पण गेला.

म्हातारी खरोखर जादू जाणत होती. तेलात मात्र तिने काही कालवले नव्हते. ती म्हणाली, "तीन कामे कर. हा निळा खडा तेलात असा घोट, की कचकच उरू नये."

सात दिवसांत खड्याचे लोणी झाले.

"आता पाण्यात कालवलेल्या रंगांनी बगळा काढ. पांढरा रंग मिळणार नाही."

सुवर्माने भोवती तळे रंगवले, बगळ्यापुरता कागद कोरा सोडला. बगळा पंख झटकून उडून गेला.

"तिसरे काम. दरबारात खरे सांग."

"आजी, दुसरे काहीही सांगा."

"दुसऱ्या कशाने तडे बुजत नाहीत."

वेशीपर्यंत जाऊन तो दोनदा परतला. हुशारी सगळी तिथे संपली. तिसऱ्यांदा दरबारात उभा राहिला आणि म्हणाला, "भिवराई निर्दोष आहे. घाई मी केली." राजकन्येचे तडे मिटू लागले. गळ्याजवळचा एक मात्र मिटेना.

मृणालवतीने विचारले, "चित्रकार, थर ओला आहे हे तुम्हाला ठाऊक होते?"

सगळा दरबार त्याच्याकडे पाहत होता.

"होते," सुवर्मा म्हणाला. शेवटचा तडा मिटला.

भिवराईला पालखीतून मानाने आणले. शिक्षा काय द्यायची, ते राजाने तिलाच विचारले.

"खालचा थर कच्चाच आहे, चित्र पुन्हा काढावे लागेल," ती सुवर्माला म्हणाली. "तेल माझ्याकडूनच नेशील ना?"

सुवर्माला मान वर करता आली नाही.