शेंग कुणाच्या खिशात?

एक होती खार. चिंचेवर राहायची. चिंच होती शाळेच्या अंगणात.

सुट्टीभर अंगण खारीचं. आज शाळा उघडली. पोरं आली. धबधब धबधब! पांढरा सदरा, निळी चड्डी. पांढरा सदरा, निळा परकर. सगळी सारखी.

खार खाली आली. सुर्रर्र! कट्ट्यावर बघते, तर तिने ठेवलेली भुईमुगाची शेंग नाही!

खारीने डोळे बारीक केले. "यांच्यातच आहे चोर. पण कोणता? सगळे सारखेच!"

खार बाईंकडे गेली. तुरुतुरु, चिर्र!
"बाई बाई, खिसे बघा. माझी शेंग मिळेना."
बाई म्हणाल्या, "आधी रांग. मग खिसे."

खार पोरांकडे गेली. तुरुतुरु, चिर्र!
"पोरांनो पोरांनो, रांग करा. बाई खिसे बघेनात, माझी शेंग मिळेना."
पोरं म्हणाली, "आधी घंटा. मग रांग."

खार शिपाईमामांकडे गेली. तुरुतुरु, चिर्र! मामांचा गणवेश खाकी.
"मामा मामा, घंटा द्या. पोरं रांग करेनात, बाई खिसे बघेनात, माझी शेंग मिळेना."
मामा खोकले. म्हणाले, "आधी फाटक. मग घंटा."

खार फाटकाकडे गेली. तुरुतुरु, चिर्र!
"फाटकदादा फाटकदादा, लाग. मामा घंटा देईनात, पोरं रांग करेनात, बाई खिसे बघेनात, माझी शेंग मिळेना."
फाटक कुरकुरलं, "आधी हौसा. मग फाटक. ती बघ, बाहेरच उभी."

हौसा पहिलीतली. परकर नवा, पण ढगळ. आईने दोन वर्षं पुरेल असा शिवलेला. हौसाने तो दोन्ही हातांनी धरलेला.

खार हौसाकडे गेली. तुरुतुरु, चिर्र!
"हौसा हौसा, आत ये. फाटक लागेना, मामा घंटा देईनात, पोरं रांग करेनात, बाई खिसे बघेनात, माझी शेंग मिळेना."
हौसा रडवेली झाली. "आधी नाडी. मग शाळा. काल नाडी कुंपणावर वाळत घातली. कुणीतरी नेली!"

खारीने वर बघितलं.
नाडी होती खारीच्या घरट्यात. मऊ मऊ, गोल गोल.

खार वर गेली. सुर्रर्र! खाली आली. सुर्रर्र! नाडी दिली.

हौसाने नाडी ओवली, गाठ मारली. हौसा आत आली. फाटक लागलं. कर्रर्र! मामांनी घंटा दिली. ठण ठण! पोरांनी रांग केली. बाईंनी खिसे बघितले.

गोट्या निघाल्या. चिंचोके निघाले. शेंग नाही!

खारीने डोळे बारीक केले. "मामांचाही गणवेशच आहे की!"

मामांच्या खिशातून शेंग निघाली. पोरं खो खो हसली.

मामा म्हणाले, "मला वाटलं, कुणाचीच नाही."
खार म्हणाली, "मलाही नाडी तशीच वाटली."

खारीने शेंग घेतली. कानाशी हलवली. खुळखुळ! दोन्ही दाणे जागेवर.

नाडी कमरेला, पोरं वर्गात, शेंग खारीच्या पोटात!