आवडामायचा अळणी सोमवार

ओढ्याला बारमाही पाणी असायचं, फार वर्षांपूर्वीच्या त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा आपल्या गावात आवडामाय होती. ती सुईणपण करायची आणि झाडपाल्याचं औषधही द्यायची. कुणाची लघवी कोंडली, पाय सुजले, की ती घेटुळीची भाजी खाऊ घालायची आणि मीठ बंद करायची. काळीज धडधडलं, दम लागला, की ओढ्याकाठच्या सादड्याची, म्हणजे अर्जुनाच्या झाडाची, साल दुधात उकळून पाजायची. आधी झाडाला हात जोडायचे, एकाच अंगाची वीतभर साल काढायची, जखमेवर शेणमाती लिंपायची, अशी तिची रीत. तिच्या हातचं पिऊन निजलेलं माणूस उठून बसायचं, असं म्हणतात.

एका वर्षी गावात सुजेची साथ आली. आवडामाय नेमकी परगावी बाळंतपणाला अडकलेली. बाया घाबरल्या. त्यांनी सादड्याला नवस बोलला, सूत गुंडाळत फेऱ्या घातल्या, आणि जिची फेरी जिथं संपली तिथली साल तिनं प्रसाद म्हणून ओटीत घेतली. हावरेपणा कुणीच केला नाही हो. प्रत्येकीनं वीतभरच घेतली. पण बाया पुष्कळ होत्या, आणि झाड चहूबाजूंनी सोललं गेलं.

काही माणसं वाचली. सादडा मात्र उभ्या उभ्या वाळला. पंचक्रोशीत दुसरा नव्हता. आवडामाय परतली ती त्याला मिठी मारून उभी राहिली.

त्याच दिवसांत तिची एकुलती लेक बयना हिला सासरहून गाडीत घालून आणलं. पाय खांबासारखे, पडल्या जागी धाप. माय घेटुळी शिजवायची, सूज जराशी उतरायची. पण काळजाला आधार द्यायला साल कुठून आणणार? बयनाला अळणी घास गिळवेना.

“माय, मिठाचा एक खडा दे गं.”

“बरी झालीस की देईन, बाई.”

“कशानं बरी करतीस? तुझ्या औषधाचं तर सरपण झालं,” बयना हसत म्हणाली.

मायनं खडा दिला नाही. झाड फुटेल, लेक उठेल, या आशेवर ती होती. बयना गेली, ती अळणी तोंडानंच गेली.

मग आवडामायनंही मीठ सोडलं. रोज त्या वाळल्या बुंध्याला पाणी घालायची आणि रडायची. तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा अळणी झालं होतं, असं म्हणतात. एके दिवशी बुंध्याशी नुसती घागर सापडली. माय कुणाला दिसली नाही. सादडा काही फुटला नाही. पण तिथली माती भर उन्हाळ्यातही ओली राहिली आणि तिथं घेटुळी पसरली.

अजूनही श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आपलं गाव अळणी जेवतं. लेकी माहेरी येतात. दिवेलागणीला आई आधी लेकीच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवते, मग स्वतःच्या. ज्या घरची लेक सुजून अंथरुणाला खिळलेली असते, त्या घरी तो खडा देवापुढं ठेवतात, पुढच्या वर्षीच्या अळणी सोमवारसाठी.