मध्यंतरात मास्तर काय बोलले

“पण मध्यंतरात तुम्ही नेमकं काय बोललात, मास्तर?”

रूर्डने पुन्हा तेच विचारलं.

सिब्रान्ड मास्तर अंगणातल्या बाकावर बसून बटाटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हॉलंडच्या उत्तर किनाऱ्यावर ओस्टरवाल नावाचं कोळ्यांचं गाव आहे. मास्तर दिवसा तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी गावच्या फुटबॉल क्लबला. डच लोकही शाळेतल्या शिक्षकाला ‘मेस्टर’च म्हणतात. त्यामुळे बंदरावरच्या हमालापासून क्लबच्या अध्यक्षापर्यंत ते सगळ्यांचेच मास्तर.

या क्लबने युरोपच्या स्पर्धांत खेळलेले सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले बहुतेक हरलेले. पण पन्नासेक वर्षांपूर्वीचा एक सामना गाव विसरलं नव्हतं. समोर परदेशातला बडा संघ. मध्यंतराला ओस्टरवाल तीन गोलांनी मागे. आणि शेवटी चार-तीनने विजय.

त्या मध्यंतराची गोष्ट घराघरात वेगळी. कुणी म्हणे, मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. कुणी म्हणे, ते रडले. कुणी म्हणे, समुद्रात बुडालेल्या गावकऱ्यांची नावं त्यांनी एकेक करून घेतली.

रूर्ड त्यांच्याच वर्गात शिकलेला. पुढे परदेशी जाऊन प्रशिक्षक झाला, मोठा झाला, आणि परत येऊन त्याने ओस्टरवालला पुन्हा युरोपात नेलं. पेपरात फोटो आले. रस्त्यात लोक थांबवून हात मिळवायला लागले.

आणि परवा पहिला सामना परक्या मैदानावर तीन-शून्यने गेला. परतीचा सामना पुढच्या आठवड्यात, गावातच; दोन्हींच्या गोलांची बेरीज व्हायची.

“त्या सामन्याबद्दल जे जे छापलंय ते सगळं मी वाचलंय,” रूर्ड म्हणाला. “उत्तरार्धात तुम्ही एकही खेळाडू बदलला नाहीत. कुणाची जागा बदलली नाहीत. डावपेचही तेच. म्हणजे फरक पडला तो तुमच्या बोलण्याने. मला ते शब्द हवेत, मास्तर.”

“शब्द…” मास्तरांनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. “मी ड्रेसिंग रूममध्ये नव्हतोच.”

रूर्ड हसला. मग हसायचा थांबला.

“नव्हतात? मग होतात कुठे?”

“मैदानावर.”

मास्तरांनी सुरी बाजूला ठेवली. रस्त्यापलीकडे एकसारख्या लाल कौलांची नवी घरं होती. ते तिकडे बघत राहिले. जुनं मैदान तिथेच होतं.

“तेव्हा आपल्याकडे दिवे कुठे होते मैदानाला? सामना बुधवारी दुपारी. शाळेला सुट्टी दिली होती. एकही बोट बाहेर पडली नाही. गोल झाला की बंदरातून भोंगा वाजवायचा असं ठरलेलं. पण वाजवणार कोण? सगळं गाव तर मैदानावर… मग म्हातारा फोके म्हणाला, मी थांबतो बोटीवर. त्याला दमा होता. गर्दी सोसायची नाही.”

मास्तरांच्या ओठांवर हसू आलं.

“बोटीवरून मैदान दिसायचं नाही. नुसता ओरडा ऐकू जायचा. पाहुण्यांनी पहिला गोल केला, लोक कळवळून ओरडले. फोकेला वाटलं, आपलाच! त्याने लांबलचक भोंगा वाजवला. दुसऱ्यालाही वाजवला. तिसऱ्याला तर थांबेचना.”

“आणि हेसल गोलात,” रूर्ड म्हणाला.

“हेसल गोलात…”

हेसल त्या संघाचा गोलकीपर. पहाटे बेकरीत पाव भाजायचा, संध्याकाळी सरावाला यायचा. तरी अंगाला पावाचा वास यायचा. म्हातारपणी तो रोज सकाळी मास्तरांकडे येऊन याच बाकावर बसायचा. गेल्या हिवाळ्यात वारला.

“पहिला गोल त्याच्या हातून सुटला होता,” मास्तर म्हणाले. “सोपा चेंडू. मग पुढचे दोन… त्याचे हातच चालेनात. मध्यंतराची शिट्टी झाली, पोरं आत गेली. मी दारात उभा. हेसल काही येईना. वळून बघितलं तर गोलात बसलेला. पाठ खांबाला. हातमोजे काढून मांडीवर ठेवलेले.”

“मग?”

“मग मी गेलो.”

“त्याला काय म्हणालात?”

मास्तर बाकावर थोडे सरकले. इतका वेळ उभा असलेला रूर्ड बसला.

मास्तर समोर बघत राहिले.

वारा खारट होता. पलीकडच्या एका घराच्या अंगणात चादर फडफडत होती. रूर्डने घसा खाकरला. खिशातून फोन काढला, पुन्हा आत ठेवला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मास्तर… त्याला काय म्हणालात?”

“गवत ओलं होतं. माझ्याकडे शाळेत घालायची एकच बरी पँट होती. ती पार भिजली.”

“म्हणजे काहीच बोलला नाहीत?”

“तोच बोलला. म्हणाला, मास्तर, तुम्ही आत जा, पोरं वाट बघत असतील. मी म्हटलं, बघू देत.”

“एवढंच?”

“एवढंच. आत चहा गार होत होता. शेवटी कर्णधार मला शोधत बाहेर आला. काहीतरी विचारणार होता… विचारलं नाही. आमच्याशेजारी बसला. मग आणखी एक आला. मग सगळेच आले. कुणीतरी किटली घेऊन आलं. सगळा संघ त्या गोलात, चिखलात, गार चहा पितोय. तोवर समुद्रावरून धुकं उतरलं होतं; लोकांना यातलं काही दिसलंच नाही. पाहुणे बाहेर आले, ते बघत उभे राहिले. पंच म्हणाला, उठा. हेसलने हातमोजे घातले.”

“आणि तुम्ही चार गोल केलेत.”

“ते नंतर.” मास्तरांनी पुन्हा सुरी उचलली. “पुढच्या फेरीत आम्हाला सहा गोल बसले. ते विचारायला कुणी येत नाही. पण परत येताना आगगाडीत हेसल इतका गात होता, इतका गात होता… बाजूच्या डब्यातली माणसं बघायला आली, हे कोण जिंकून चाललेत म्हणून.”

बाकाच्या रिकाम्या टोकाकडे त्यांनी एकदा पाहिलं.

रूर्ड उठला. दोन पावलं चालला आणि परत वळला.

“माझं तसं नाही, मास्तर. आता खेळ बदललाय. चूक केली तर ती सांगावीच लागते.”

“कुणी केली चूक?”

“यॉरिटने. माझा गोलकीपर. पोरगा गुणी आहे, पण परवा पहिला चेंडू त्याच्या अंगाखालून गेला. परतीच्या सामन्यात मी दुसऱ्याला खेळवतोय.”

“त्याला सांगितलंस?”

“सांगितलं. विमानतळावर.”

“एकट्याला?”

रूर्ड बुटाच्या टोकाने माती उकरायला लागला.

“सगळ्यांसमोर. म्हटलं, तुझ्यामुळे गाव इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतं ते गेलं.”

“मग तो?”

“काही नाही. बॅग उचलली… बसमध्ये आला नाही. मला वाटलं, येईल त्याचा तो.”

रूर्डने तोंडावरून हात फिरवला. इथे आला तेव्हा तो छाती काढून चालत आला होता. आता मास्तरांसमोर तो वर्गात उभा राहायचा तसा उभा होता. हात कुठे ठेवावेत तेही त्याला कळत नव्हतं.

“त्याचा फोन लागत नाहीये, मास्तर. काल दिवसभर लागला नाही. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवतोय. एकही धड जमत नाही. म्हणून तुमच्याकडे…”

त्याने पुन्हा फोन काढून बघितला.

“तुम्हीच सांगा. मी त्याला काय सांगू?”

मास्तरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“कुठे बसलाय तो आत्ता?”