शेंडा नसलेला पाहुणा

त्या राज्यात सगळे बर्फाचे होते आणि सगळे उभे होते. ज्याला काही काम असे तो सरकत सरकत जाई, काम उरके आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राही. ऊन तिथवर पोचत नसे. उजेड होता, पण दुरून आलेला, कुणालाही न शिवणारा. प्रत्येकाच्या डोक्यावर एक टोकदार शेंडा होता आणि शेंडा हीच जीवाची खूण मानली जाई. हे आपल्याला कुणी शिकवले ते कुणाला आठवत नव्हते. आपण जन्मलो कधी, तेही आठवत नव्हते. विचारण्याची पद्धत नव्हती.

तुहिना त्या राज्याची पारखी होती. आकाशातून जे पडेल ते जीव आहे की नुसता पदार्थ, हे तिने ठरवायचे. जीव निघाला तर त्याला सभागृहात मानाची जागा. पदार्थ निघाला तर कड्यावरून खाली. आजवर पदार्थच पडत आले होते: काळे दगड, लोखंडाचे गोळे, राख. तुहिना ते कड्यावरून लोटून देई आणि परत येई. लोटताना तिला काही वाटत नसे. परततानाही वाटत नसे.

सभेचा आवडता विषय एकच होता, दूरच्या जगातला जीव कसा असेल. सभेचे ज्येष्ठ गारोबा यांचा शेंडा सर्वांत उंच होता.

"तो गंधकाचा असेल," गारोबा म्हणत. "काचेचा असेल. धातूचासुद्धा असेल. आपण मन मोठं ठेवलं पाहिजे. बर्फाचाच हवा असा आपला आग्रह नाही."

"पण शेंडा?" कुणीतरी विचारी.

"शेंडा असणारच. शेंड्याशिवाय जीव कसा?"

यावर सगळे समाधानाने गप्प होत.

मग तो दगड पडला. इतर दगडांसारखाच काळा होता, पण त्याच्याजवळ जाताच तुहिनाच्या हाताला काहीतरी झाले. तिची बोटे कडेने गोल होऊ लागली. तिने हात मागे घेतला, पाहिला आणि पुन्हा पुढे केला. दगडाला वर एक खळगा होता. खळग्यात एक थेंब होता.

त्याला शेंडा नव्हता. त्याला कोपरे नव्हते, पुढची बाजू नव्हती, मागची नव्हती. दगड हलला की तो लांबट होई, मग पुन्हा गोल. तुहिना वाकायचा प्रयत्न करत होती. थोडे जमले.

"कोण आहे?" थेंबाने विचारले.

त्याचा आवाज म्हणजे अंगावरून जाणारी थरथर होती, तरी तिला तो समजला.

"मी पारखी आहे," ती म्हणाली. "तू जीव आहेस का?"

"म्हणजे काय ते मला माहीत नाही. मी वाहतो. इथे कुणी वाहत नाही का?"

"इथे सगळे उभे असतात."

"दमत नाहीत?"

तुहिनाने विचार केला. दमणे म्हणजे काय ते तिला आठवेना. आठवेना म्हणजे कधीतरी माहीत होते, असे तिला क्षणभर वाटले आणि मग तेही वाटेनासे झाले.

"मला या दगडावरच राहू दे," थेंब म्हणाला. "हा निवायच्या आत मला कुठल्यातरी उताराला सोड."

ती सभेत गेली. तिने सांगितले की एक आला आहे, तो बोलतो, आणि त्याला दगडावरून काढू नका असे म्हणतो.

"बोलतो?" गारोबा म्हणाले. "शेंडा आहे का?"

"नाही."

"मग तू गोंधळली आहेस, तुहिने. पण असू दे. कदाचित लाजत असेल, प्रवासाने शिणला असेल. मात्र पाहुण्याला दगडावर ठेवायचं हे बरं दिसत नाही. त्याला आसनावर घ्या."

आसन राज्यातल्या सर्वांत थंड जागी होते. ती मानाची जागा होती. तुहिनाने तोंड उघडले होते. पण सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसती आपुलकी होती. आपुलकीला नाही कसे म्हणायचे ते तिला येत नव्हते. तिने बाहेरून दगड उचलून आणला आणि आसनावर कलता केला.

थेंब आसनावर पसरला. "पारखी," तो म्हणाला, "हे फार..." पुढचे त्याला बोलता आले नाही. तो खालून पांढरा होऊ लागला. पांढरेपणा सावकाश वर चढत गेला. वरचा उरलेला भाग अजून थरथरत होता, मग त्याला वर जायला जागा उरली नाही आणि तो टोक होऊन थांबला.

"शेंडा!" गारोबा ओरडले. "शेंडा आला!"

सगळ्या सभागृहात नाद भरला. गारोबांनी पाहुण्याला हलकेच वाजवून पाहिले. टण्ण असा स्वच्छ आवाज आला. दूरच्या जगातला जीव आपल्यासारखाच असतो हे सिद्ध झाले. त्याला नाव दिले गेले, रांगेत जागा दिली गेली. तुहिनाचा सत्कार झाला. आपल्याला आता काहीतरी वाटेल म्हणून ती बराच वेळ वाट पाहत उभी राहिली. काही वाटले नाही. फक्त बोटे पूर्वीसारखी टोकदार झाली नाहीत.

पुढे पुष्कळ काळ गेला आणि दुसरा दगड पडला. या खेपेला सभाच बाहेर सरकत आली. आसन आधीच पुसून ठेवले होते. तुहिना दगडापाशी गेली. खळग्यात थेंब होता, पहिल्याहून लहान.

"सांग," गारोबा मागून म्हणाले. "जीव आहे ना?"

थेंबाने तिच्याकडे पाहिले. त्याला डोळे नव्हते, तरी पाहिले.

"नाही," तुहिना म्हणाली. "नुसती ओल आहे."

"नीट पाहिलंस?"

"पाहिलं."

"पण हलतंय ते."

"दगड हलतो म्हणून हलतं."

"मी आहे," थेंब म्हणाला. "अगं, मी आहे इथे."

"काही बोलतं का?" गारोबांनी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "काही ऐकू येत नाही."

सभेची फार निराशा झाली. पण पारखीचा शब्द मोडण्याची पद्धत नव्हती. सगळे एकेक करून परत सरकले. तुहिनाने दगड छातीशी धरून कड्यापर्यंत नेला. तिच्या छातीचा भाग झिजत होता.

कड्याशी तिने दगड तिरका केला. थेंब उतारावर पडला, क्षणभर जागीच थबकला, आणि पळाला. तुहिनाने पहिल्यांदाच कड्यावरून खाली वाकून पाहिले. उतारावर पलीकडून ऊन येत होते. फार खाली काहीतरी अवाढव्य हलत होते. त्याला टोक नव्हते, कडा नव्हती, आणि त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

ती परतली तेव्हा गारोबांनी विचारले, "फेकलंस?"

"फेकलं."

"खाली काय आहे गं?"

"काही नाही."

मग ती पहिल्या पाहुण्याला भेटायला रांगेकडे गेली. कुठे उभा केला होता ते तिला वाटले तितके पक्के आठवत नव्हते. ती एका टोकापासून पाहत निघाली. चेहरे सारखे, उंची जवळपास सारखी. तिने नाव घेऊन हाक मारली. कुणी हलले नाही, पण तिथे कुणीच कधी हलत नसे. शेवटी तिने त्यांच्या पायांकडे पाहिले. वाकणे आता जमत होते. आसनावर पसरताना पाहुण्याच्या बुडाशी एक गोल, पातळ झालर तयार झाली होती. त्यावरून तो ओळखू येईल असे तिला वाटले.

रांगेतल्या पहिल्याच्या पायाशी तशी झालर होती. दुसऱ्याच्याही होती. तिसऱ्याच्या, त्याच्या शेजारणीच्या, थेट गारोबांच्या पायापर्यंत, प्रत्येकाच्या बुडाशी तीच गोल झालर, ओले काही खाली ठेवल्यावर पसरते तशी.

तुहिना सरळ झाली. सरकत सरकत ती आपल्या जागेवर गेली, उभी राहिली, आणि तिने खाली, स्वतःच्या पायांकडे, पाहिले नाही.