राजाचा दुसरा हात

डोंगरापलीकडे एक गाव होतं. त्या गावात वर्षातून एकदाच राजा यायचा, आणि तोही नाटकातला.

जत्रेच्या दिवशी देवळापुढच्या मांडवात नाटक व्हायचं. गोष्ट अशी, की राक्षस नदी अडवून बसतो आणि राजा बाण मारून त्याला लोळवतो. रीत अशी होती की दरवर्षी एका घराने मुकुट बनवावा आणि त्याच घरातल्या कुणीतरी राजा व्हावं.

पण तो मुकुट आधी पाटलांच्या डोक्यावर चढायचा. तो त्यांचा मान. म्हणून मापही त्यांचंच! पाटलांच्या घरून गाठ मारलेली सुतळी यायची आणि त्या गाठीबरहुकूम मुकुट बनायचा. पाटलांचं डोकं चांगलं भोपळ्याएवढं. त्यामुळे राजा कुणीही होवो, मुकुट त्याच्या नाकावर उतरायचा. बिचारा सगळं नाटक एक हात मुकुटावर ठेवून करायचा. एका हाताने धनुष्य कसं ओढणार? ते खांद्यालाच लटकत राहायचं. ढोल वाजला की राक्षस आपला आपणच पडायचा.

“बाण न लागताच कसा मेला?” पोरं विचारायची.

“राजाच्या तेजाने,” म्हातारी माणसं सांगायची. “आणि राजाचा एक हात मुकुटावरच शोभतो.”

एका वर्षी ती सुतळी येसूच्या घरी आली. घरात येसू आणि तिची आई, दोघीच. येसूला राजा व्हायचं होतं, आणि राक्षसाला खरोखरचा बाण मारायचा होता. लहानपणापासून तिला तेवढंच हवं होतं.

तिने बांबूची कामटी सुतळीच्या मापाने वाकवली आणि डोक्यावर ठेवली. ती सरळ खांद्यावर येऊन बसली.

आई हसायला लागली. “अगं, आत चिंध्या भर. सगळे तेच करतात.”

“आणि नाचताना डुगडुगला की?”

“हात धरायचा.”

“मग बाण?”

आणि येसू तडक पाटलांकडे गेली.

“पाटीलबाबा, मुकुट तुमच्या डोक्यावर किती वेळ असतो?”

“नारळ फुटेपर्यंत.”

“आणि राजाच्या?”

“नाटक संपेपर्यंत.”

“मग माप कुणाचं घ्यायचं?”

पाटलांच्या मिशा थरथरल्या. “माझ्या आजोबांपासून चालत आलंय हे! कालची पोर मला माप शिकवणार? गाठीत बोटभर फरक पडला तर राजा बदलेन. माझा पुतण्या तयारच आहे.”

येसू घरी आली. सुतळी एकीकडे, कामटी दुसरीकडे. गाठ पाळली तर राजा होता येणार, पण बाण सुटणार नाही. गाठ मोडली तर कदाचित राजाच होता येणार नाही. तिने आईच्या जुन्या लुगड्याचा दोरा काढला, स्वतःच्या डोक्याभोवती गुंडाळला आणि कामटी त्या मापाने कापून टाकली.

मग ती झपाट्याने कामाला लागली. पुठ्ठा कापला, खळीने चिकटवला, वरून सोनेरी बेगड लावली. लुगड्याचे जरीकाठ कडेने फिरवले, पुढे मोरपीस खोचलं. आईने काढून ठेवलेल्या चिंध्याही वाया गेल्या नाहीत. कुणाला लागू नये म्हणून त्यांचा गोळा तिने बाणाच्या टोकाला बांधला.

जत्रेच्या दिवशी सारा गाव जमला. पाटील ऐटीत पुढे आले, मान झुकवली. येसूने मुकुट ठेवला. तो त्यांच्या टाळूवर असा बसला, जणू कलिंगडावर वाटी! पाटलांनी मान सरळ केली आणि वाटी घरंगळून थेट येसूच्या हातात आली.

पहिल्यांदा पाटलीणबाई हसल्या. मग गावाला कोण आवरणार?

“राजा बदला!” पाटील गरजले. “पुतण्याला आणा!”

पुतण्या आला. काकांवरच गेलेला. मुकुट त्याच्या कानांपर्यंतसुद्धा पोचेना.

ढोलवाला म्हणाला, “पाटीलबाबा, राजा बदलता येईल हो. पण या मापाचं डोकं कुठून आणायचं?”

गावात दुसरा मुकुट नव्हता आणि राक्षस केव्हाचा तोंड रंगवून ताटकळला होता. पाटील धुसफुसत जागेवर जाऊन बसले. “करा काय करायचं ते!”

येसूने मुकुट घातला आणि हात सोडले. दोन्ही! ती नाचली, गिरकी घेतली, उडी मारली. मुकुट जागचा हलला नाही. मग तिने खांद्यावरचं धनुष्य काढलं. मांडवातल्या माना उंचावल्या. त्या गावाने राजाचा दुसरा हात कधी पाहिलाच नव्हता.

राक्षस सवयीप्रमाणे ढोलाची वाट बघत उभा होता. सूंऽऽ करून बाण आला आणि त्याच्या ढेरीवर आपटला.

“अगं आई गं, खरंच मारला की!” असं ओरडून तो ढोलाच्या आधीच आडवा झाला.

मांडव टाळ्यांनी दणाणला. पाटील हाताची घडी घालून बसले होते. पण शेजारी पोरं नाचायला लागली, तशी ती घडी आपोआप सुटली. टाळ्यांना त्यांनाही दोन हात लागले.

पुढच्या वर्षी पाटलांच्या घरून नव्या राजाकडे सुतळी गेली. तिच्यावरची गाठ सोडलेली होती. आता पाटील मुकुट हातात घेतात, नारळ फोडतात आणि मुकुट राजाला देऊन टाकतात. त्यांचा मान काही कमी झालेला नाही.

या गोष्टीचं तात्पर्य लहानांनी लक्षात ठेवावं आणि मोठ्यांनी आधी: ज्याला काम करायचं आहे, माप त्याच्याच डोक्याचं घ्यावं, नाहीतर त्याचा अर्धा जन्म दुसऱ्याचा मान सावरण्यात जातो.