कोपऱ्यातला मोकळा गडी

एका गावात एकदा एक तालीम होती. तिथली कुस्ती कधीच मागे पडली होती. लाल मातीच्या हौद्याच्या कठड्यावर आता बूट आणि मोजे वाळत पडत, कारण त्या पेठेला फुटबॉलचे वेड लागले होते. तालमीचा संघ मात्र लीगच्या तिसऱ्या गटात, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर, एकतीस वर्षे बसून होता. नुसता बसून असता तर एवढे दुःख नव्हते. पण हा संघ दर चार-पाच वर्षांनी उसळी घेई, गुणतक्त्यात वर सरके, पेठेतले उत्साही लोक गुलाल आणून ठेवत, आणि शेवटच्या निर्णायक सामन्यात संघ हरे. असे सहा वेळा झाले. हातातोंडाशी आलेला घास सहा वेळा गेला की माणूस नशिबाला बोल लावतो, आणि पेठेने तो यथेच्छ लावला.

त्या वर्षी संघ पुन्हा वर आला होता. पण या खेपेला गोष्ट निराळी होती. लीग चालवणाऱ्या संघटनेने तिसरा गट बंद करायचे ठरवले होते. पहिला येईल तो एकच संघ दुसऱ्या गटात चढणार, बाकीच्यांची नावे यादीतून कायमची जाणार. शेवटचा सामना रविवारी, तालमीच्याच मैदानावर होता. बरोबरी पुरणार नव्हती, जिंकायलाच हवे होते.

संघाचा कप्तान चौतीस वर्षांचा होता. त्याचा उजवा गुडघा दोनदा फाटला होता आणि तिसऱ्यांदा शिवायला डॉक्टर तयार नव्हते. म्हणजे त्याला पुढचे वर्ष नव्हते. आयुष्यात एकदा, एकच हंगाम का होईना, वरच्या गटात खेळावे, एवढी एकच इच्छा धरून तो सोळा वर्षे धावला होता. त्याला घडवले होते वस्तादांनी. वस्ताद सहासष्ट वर्षांचे, मितभाषी, आणि एके काळी याच संघाचे कप्तान. त्यांचा शब्द पेठेत खाली पडत नसे.

आता त्या कोपऱ्याविषयी सांगायला हवे. मैदानाच्या उत्तरेला, जुन्या विहिरीकडे जो गोल होता, त्याच्या डाव्या हाताचा कोपरा तालमीने सोडून दिला होता. एकतीस वर्षांपूर्वी, अशाच एका निर्णायक सामन्यात, सर्जेराव नावाचा डावीकडचा गडी तिथे धावता धावता कोसळला आणि पुन्हा उठला नाही. तेव्हा कप्तान असलेल्या वस्तादांनी दुसऱ्याच दिवशी नियम घातला, की त्या दहा पावलांच्या जागेत कोणी बूट घालून जायचे नाही. चेंडू तिकडे गेला तर जाऊ द्यायचा, मग बूट काढून, हात जोडून तो आणायचा. तिथले गवत कोणी कापत नसे. चैत्रात सारे मैदान करपून जाई, तेव्हाही ते घोट्याच्या वर, काळपट हिरवे उभे असे. पंच हरकत घेत नसत. तिसऱ्या गटाच्या पंचांना सामना संपवून सुखरूप घरी जायचे असते.

गंमत अशी, आणि ही गंमत अंगावर काटा आणणारी आहे, की तो नियम मैदानाचा राहिला नव्हता. तो पायांत भिनला होता. परगावच्या मैदानावर, जिथे कोणीही मेले नव्हते, तिथेही या संघाचा गडी डावीकडून सुसाट निघे आणि कोपऱ्यापासून दहा पावलांवर आला की आपसूक आत वळे. नव्या पोरांना तर सर्जेरावाचे नावही ठाऊक नसे. पुढचा वळतो म्हणून मागचा वळे.

शनिवारी चारच्या सुमारास सराव सुरू होता. वस्ताद मैदानावर आले ते हातात विळा घेऊन. ते सरळ विहिरीकडच्या कोपऱ्याकडे चालू लागले, आणि सर्वांच्या देखत, पायातल्या वहाणा न काढता, त्या गवतात शिरले.

"वस्ताद! वहाणा!" गोलकीपर ओरडला.

वस्तादांनी मागे पाहिले नाही. ते खाली बसले आणि गवत कापू लागले. एकतीस वर्षांचे गवत विळ्याखाली करकर आवाज करत पडत होते, आणि बावीस माणसे जागच्या जागी उभी राहून पाहत होती. ज्याने नियम घातला तोच नियम मोडतो आहे, हे त्यांना समजेना. कोणी तरी पुटपुटले, की म्हाताऱ्याचे डोके फिरले. कापून झाल्यावर वस्तादांनी कप्तानाला हाक मारली.

"हितं हुबा ऱ्हा. दिवस मावळंपतोर. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई."

"वस्ताद, उद्या मॅच हाय. अजून फ्री किकचा सराव ऱ्हायलाय."

"सराव रोजच करतोस की. आज हुबा ऱ्हा."

गोलकीपर शेजाऱ्याच्या कानाला लागला, "घ्या! उद्या जीवनमरणाचा सामना, आन् आमच्या कप्तानाचं आज बुजगावणं केलंय." दोघे-तिघे हसले, पण ते हसणे घशातच राहिले. थोड्या वेळाने वस्तादांनी सगळ्यांना घरी पाठवून दिले आणि स्वतः दूर, दुसऱ्या गोलापाशी जाऊन बसले.

कप्तान उभा राहिला. आधी त्याला नुसता राग आला. सोळा वर्षे ज्यांच्या शब्दावर आपण धावलो, ते आज आपली थट्टा मांडत आहेत, असे त्याला वाटले. मग राग ओसरला आणि त्याला पायांचा गारवा जाणवला. सारे मैदान तापलेले होते, पण बुटाच्या तळव्यातून एक थंडी हळूहळू घोट्यापर्यंत चढत होती. विहिरीकडच्या झाडावर पाखरे जमत होती, तरी त्यांचा कलकलाट त्याच्यापर्यंत येत नव्हता. या कोपऱ्यातून मैदान कसे दिसते, हे तो जन्मात पहिल्यांदा पाहत होता. फार मोठे दिसत होते. आणि सारे खेळगडी जिथे असतात ते मधले मैदान फार दूर होते.

उन्हे कलली तेव्हा त्याला कोणाच्या तरी श्वासाचा आवाज आला. लांबून धावत आलेला माणूस कंबरेवर हात ठेवून धापा टाकतो, तसा तो आवाज होता. तो त्याच्या डाव्या खांद्यापाशी होता. कप्तानाने मान वळवली नाही. वळवायचे धैर्यच झाले नाही, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. तो श्वास जवळ आला, थबकला, आणि मग अगदी रोजच्या आवाजात, मैदानावर दिवसातून शंभर वेळा कानी पडतो त्या आवाजात, कोणी तरी म्हणाले,

"दे की."

त्यात धमकी नव्हती. शाप नव्हता. थकलेल्या गड्याची विनवणी होती, आणि तीच कप्तानाला सहन होईना. सूर्य बुडेपर्यंत ते दोन शब्द त्याने चार वेळा ऐकले. मग तो धावतच, दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता, वस्तादांपाशी आला आणि मटकन खाली बसला.

"काय ऐकलंस?" वस्तादांनी विचारले.

"कोण तरी... 'दे की' म्हणत हुतं."

वस्ताद आपल्या गुडघ्यांवरचे हात पाहू लागले. "एवढी वरसं मला वाटत हुतं, त्यो आवाज माझ्याच टकुऱ्यात हाय," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं न्हाई. बायकोला बी न्हाई."

मग ते बोलले. शिष्यापाशी ते इतके सलग आधी कधी बोलले नव्हते, पुढेही बोलले नाहीत.

"त्या दिशी पाच मिंटं ऱ्हायली हुती. एक गोल झाला असता, तर आपण चढलो असतो. चेंडू माझ्या पायात हुता, आन् सर्जा त्या कोपऱ्यात एकटा, मोकळा. तीनदा म्हणाला, दे की. मी दिला न्हाई. गोल माझ्या नावावर पायजे हुता मला. मी मारला, वरनं गेला. सर्जा परत आपल्या गोलापतोर धावत गेला, चेंडू काढून दिला, आन् पुन्यांदा त्या कोपऱ्यात गेला. तवाच पडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोकं म्हणाली, नशीब. मी काय म्हणालो? म्हणालो, ही जागा आता पवित्तर झाली, हितं कुणी पाय ठेवायचा न्हाई. सगळी पेठ म्हणाली, बघा, कप्तानाचं सर्जावर किती प्रेम! आरं, मला त्या जागेकडं बघवत नव्हतं. म्हणून मी तुमच्या पायांना तिकडं बंदी घातली. सर्जानं जागा मागितली नव्हती लेका, चेंडू मागितला हुता. तो आमी त्याला एकतीस वरसं दिला न्हाई, आन् वर हात जोडले."

कप्तानाला एकाएकी, पाहिलेले आणि ऐकलेले, सहाही पराभव डोळ्यांपुढे दिसले. दर वेळी प्रतिस्पर्ध्यांनी आपला बचाव मधोमध दाटून उभा केला होता आणि डावा कोपरा खुशाल उघडा टाकला होता. तिकडे हे येत नाहीत, हे साऱ्या लीगला माहीत होते. ते एका पेठेलाच माहीत नव्हते.

रविवारी सकाळी कप्तानाने सर्वांना सांगितले, की आजपासून तो कोपरा आपला. सर्वांनी माना डोलावल्या. पण मानेने घेतलेला निर्णय पायांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धात संघ विहिरीकडच्या गोलावर चालून जाऊ लागला, तेव्हा डावीकडचा गडी तीन वेळा त्या कापलेल्या गवताच्या कडेपर्यंत गेला आणि तीनही वेळा आत वळला. एकदा तर त्याने स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. कडेला उभी असलेली पेठ गप्प होत चालली होती. घड्याळात तीन मिनिटे उरली होती.

गोलापासून पंचवीस-तीस पावलांवर, मधोमध, चेंडू कप्तानाच्या पायात आला. समोर सहा जणांची भिंत होती. फटीतून गोल दिसत होता, आणि सोळा वर्षांची इच्छा म्हणत होती, मार. त्याने पाय मागे घेतला. आणि त्या गलक्यात, डावीकडून, दूरवरून, त्याला ते दोन शब्द ऐकू आले.

त्याने चेंडू कोपऱ्यात दिला.

तिथे कोणी नव्हते. पेठेतून एकच हाय निघाली, आणि गोलकीपरने डोके धरले. प्रतिस्पर्धी खेळाडू जागेवरून हलले नाहीत, रिकाम्या जागेत गेलेल्या चेंडूमागे कोण धावेल? कप्तान मात्र धावला. लंगडत, सरळ गोलाच्या तोंडाशी. कारण पास दिला, की पुढे जाऊन तो परत घ्यायचा असतो, हे वस्तादांनीच त्याला शिकवले होते.

पंचांनी नंतर सांगितले, की चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्याच्या काठीवर आदळून उलटला. तसे घडते, त्यात अशक्य काही नाही. पण कप्तानाने पाहिले ते असे, की चेंडू काठीपर्यंत पोहोचलाच नाही. तो अलीकडे थांबला. मान वर करून आपला गडी कुठे आहे हे बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच थांबला. मग उचलला गेला, सहा जणांच्या डोक्यांवरून आला, आणि कप्तानाच्या कपाळावर असा अलगद बसला, की त्याला मान हलवण्यापलीकडे काही करावे लागले नाही.

संघ चढला. मैदान गुलालाने लाल झाले, कप्तानाला खांद्यावर घेतले गेले, आणि गोलकीपर त्याच्या पायांना मिठी मारून लहान मुलासारखा रडला. त्या उंचीवरून कप्तान वस्तादांना शोधत होता. गर्दीत ते नव्हते. त्याने खांद्यांवरून स्वतःला उतरवून घेतले आणि तो विहिरीकडे चालत गेला, पण अर्ध्या वाटेतच थांबला.

वस्ताद कोपऱ्यात एकटेच उभे होते. त्यांच्यासमोर कोणी नव्हते, पण ते कोणापुढे तरी उभे राहावे तसे किंचित वाकून उभे होते, आणि त्यांचे गाल भिजले होते.

"लई उशीर झाला, सर्जा," ते म्हणत होते. "मी न्हाई दिला. माझ्या पोरानं दिला बघ."

एवढे बोलून त्यांनी कान दिला. समोरून काही उत्तर आले असावे, कारण थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली, आणि पुढे झुकून, हवेत, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा हात ठेवला. कप्तान पाऊल न वाजवता मागे फिरला.

आपणही कोणाकोणाच्या जागा अशा हात जोडून रिकाम्या ठेवलेल्या असतात. तिथे एकदा उभे राहून, त्या माणसाने शेवटचे काय मागितले होते, ते ऐकून घ्यावे.