अनसा मापारीण आणि गोदूची पाटी

आपल्या आजोबांच्या आजोबांनीही जिच्याबद्दल नुसतं ऐकलं, त्या अनसा मापारणीची ही गोष्ट. खडकवण गावात ती धान्य मापायची. तिच्या हातून दाणा कमी-जास्त होत नसे, असं म्हणतात.

फार वर्षांपूर्वी तिथं तीन साल पाऊस फिरकला नाही. चौथ्या साली सरकारातून धान्याच्या गाड्या आल्या. पहिल्याच गाडीवर माणसं अशी तुटून पडली, की अर्धं धान्य धुळीत गेलं. भुकेल्याला कसली आलीय लाज! तेव्हा अनसा पोत्यांवर चढली आणि ओरडली, "आरं, असं खाल्लं तर धान संपंल आन दुकाळ हाय तसाच ऱ्हाईल! तळं खंदू. धा पाट्या मातीला येक माप. आन काय ते समद्यांनी बसून ठरवू, गाडीवाल्यानं न्हाई."

मग सगळं गाव माळावर बसलं. बायाही बसल्या, पहिल्यांदाच. जो माती वाहील त्यालाच धान्य, असं ठरलं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते खरंच. पण गोदू म्हातारीचे पाय गेले होते आणि ती वेशीबाहेरच्या खोपटात पडून होती. तिला कुणी विचारलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी तिला घास घालत असेल. अनसालाही तसंच वाटलं.

तळं कमरेइतकं खोल झालं. पाट्या कमी पडू लागल्या, म्हणून अनसा घरोघर मागत गोदूच्या दाराशी गेली. म्हातारी भिंतीला टेकून गार झाली होती. खोपटातली भुई तिनं उलथन्यानं उकरली होती आणि मांडीशी मातीनं भरलेली एक पाटी होती. ती न्यायला कुणीतरी येईल, म्हणून बिचारी वाट बघत बसली होती.

"म्याच ठरिवलं गं आये, म्याच!" म्हणत अनसानं ऊर बडवला. ती पाटी तिनं स्वतःच्या डोक्यावरून नेली आणि बांधावर ओतली. त्या दिवशी गावात चूल पेटली नाही.

त्यानंतर माप हातात घेण्याआधी अनसा रोज घरोघर फिरे आणि अंथरुणाला खिळलेल्यांना आधी भरवी. तिला स्वतःला मात्र घास गिळवत नसे. पाऊस आला तेव्हा ती नव्हती. तळं एका दिवसात भरलं, बांध तीन जागी फुटला. पण गोदूची पाटी जिथं पडली, तिथलं ढेकूळही विरघळलं नाही, असं म्हणतात.

आजही खडकवणात काही ठरवायचं असलं, की सभेआधी दोघं जण घराबाहेर पडता न येणाऱ्यांकडे मत विचारायला जातात. धान्य वाटायचं असेल तर पहिलं माप तिथंच पोचतं. त्याला अनसाचा फेरा म्हणतात. आत कुणीही असलं, तरी दारात उभं राहून ते आधी एवढंच बोलतात, "आजी, अनसाला उशीर झाला व्हता. आमी आलोय."